किशोरवयीन मुलांच्या एआरटी (एचआयव्हीवरच्या) गोळ्यांवर लक्ष कसं ठेवायचं: नव्यानं काम सुरू करणाऱ्यांसाठी

एचआयव्हीसह जगणाऱ्या १० ते १९ वर्षांच्या मुलामुलींसोबत तुम्ही समुपदेशक, परिचारिका किंवा फार्मसिस्ट म्हणून नुकतंच काम सुरू केलं असेल, तर पहिल्याच आठवड्यात एक रजिस्टर तुमच्या हातात येतं. 'किती टक्के गोळ्या घेतल्या' या रकान्यात पानोपानी ९५ च्या वरचे आकडे असतात. शेजारच्या व्हायरल लोडच्या, म्हणजे रक्तातल्या विषाणूच्या प्रमाणाच्या, रकान्यात मात्र काही मुलांचे आकडे हजारांत असतात. दोन्ही रकाने एकाच मुलाचे आणि दोन्ही एकाच वेळी खरे असणं अवघड. गोंधळ इथून सुरू होतो. मलाही या कामाची दिशा कुणी पायरीपायरीनं सांगितली नव्हती, म्हणून हे लिहिते आहे.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढच्या सगळ्या पायऱ्या तिच्यावर उभ्या आहेत. गोळी चुकली हे मुलानं स्वतःहून सांगणं, यापेक्षा भरवशाचं साधन तुमच्याकडे नाही. ज्या दिवशी खरं सांगितल्याबद्दल त्याला ओरडा बसेल, त्या दिवसापासून तुम्हाला फक्त चांगले आकडे मिळतील.

काय काय जवळ हवं

- मुलाचं उपचार कार्ड: औषधांची नावं, मात्रा, सुरू केल्याची तारीख, आधीची औषधं कोणती आणि ती का बदलली
- गेल्या सगळ्या व्हायरल लोडचे निकाल, तारखांसह. फक्त शेवटचा पुरत नाही
- गोळ्या दिल्याच्या नोंदी, म्हणजे कोणत्या तारखेला किती दिल्या आणि हातात आधीच्या किती होत्या
- वजनकाटा आणि वजनानुसार मात्रेचा तक्ता
- मुलाकडच्या गोळ्यांची बाटली आणि डबी, दोन्ही
- कॅलेंडर, शक्यतो शाळा-कॉलेजच्या सुट्ट्या आणि परीक्षा खुणा केलेलं
- दार बंद होईल अशी खोली
- किशोरवयीनांसाठी नैराश्याची एखादी छोटी प्रश्नावली, आणि तिचं उत्तर गंभीर आलं तर कुणाकडे पाठवायचं त्याचा फोन नंबर
- तुमच्या देशातले संमतीच्या वयाचे आणि गोपनीयतेचे नियम

दार बंद होणारी खोली यादीत शोभेसाठी नाही. रांगेसमोर टेबल टाकून विचारलं, तर उत्तर रांगेसाठी मिळतं.

१. मुलाला काय सांगितलं आहे, ते आधी विचारा

समोरच्या मुलाला स्वतःचा आजार माहीत आहे असं गृहीत धरून बोलू नका. जन्मापासून एचआयव्ही असलेली कितीतरी मुलं 'ताकदीच्या गोळ्या', 'रक्ताच्या गोळ्या' किंवा 'छातीच्या आजाराच्या गोळ्या' म्हणून वर्षानुवर्षं औषध घेत असतात. शाळकरी वयाच्या मुलांना त्यांची स्थिती सांगावी, लहानांना वयाला झेपेल तसं टप्प्याटप्प्यानं सांगावं, अशी जागतिक आरोग्य संघटनेची २०११ पासूनची शिफारस आहे. तरी घरचे घाबरतात. मूल बाहेर बोलेल, आपल्याला दोष देईल, ही भीती खरी असते.

म्हणून सांभाळणाऱ्या व्यक्तीला वेगळं बसवून विचारा: 'या गोळ्या कशासाठी आहेत असं त्याला सांगितलं आहे?' मग मुलालाही एकटं असताना विचारा: 'तुझ्या मते या गोळ्या काय काम करतात?' दोन उत्तरं जुळली नाहीत, तर त्या दिवशी टक्केवारीला हात लावू नका. चौदा वर्षांच्या मुलीला वाटत असेल की ती बरी आहे आणि ताकद भरपूर आहे, तर ती गोळी का घेईल? तिच्या जागी कुणीही बंदच करील. आधी सांगण्याची योजना आखा. ते काम एका भेटीत उरकत नाही आणि उरकूही नये.

कधीकधी उलटंही असतं. मुलानं फोनवर गोळीचं नाव शोधून सगळं वाचलेलं असतं आणि घरच्यांना दुःख नको म्हणून ते न कळल्याचं सोंग करत असतं.

२. औषध नक्की कोणतं, किती आणि कधी, ते स्वतः पाहा

कार्डावरचं वाचून पुढे जाऊ नका, बाटली हातात घ्या. आज अनेक देशांत ३० किलो आणि त्यावरच्या मुलांना टेनोफोविर ३०० मिलिग्रॅम, लॅमिव्हुडिन ३०० मिलिग्रॅम आणि डॉल्युटेग्राव्हिर ५० मिलिग्रॅम अशी तिन्ही औषधं एकाच गोळीत दिवसातून एकदा देतात. तिला सगळे टीएलडी म्हणतात. त्याहून कमी वजनाच्या मुलांची जोडणी वेगळी असते.

या वयात वजन झपाट्यानं वाढतं, म्हणून दर भेटीला वजन करून तक्त्याशी ताडून पाहा. मूल एकही गोळी चुकवत नाही, पण मात्रा दोन वर्षांपूर्वीच्या वजनाची, हे दिसतं तितकं दुर्मीळ नाही. आणखी एक बारकावा: डॉल्युटेग्राव्हिरची पाण्यात विरघळणारी गोळी आणि गिळायची गोळी यांचे मिलिग्रॅम सारखे धरता येत नाहीत. विरघळणारी ३० मिलिग्रॅम अंगात साधारण गिळायच्या ५० इतकी पोचते. एकीवरून दुसरीवर नेताना हिशेब डॉक्टरांनीच करायचा.

मग वेळ. 'रात्री आठ वाजता' असं कार्डावर असतं. ती वेळ कुणी ठरवली, हे विचारा. पुष्कळदा ती केंद्रानं जुन्या औषधांच्या काळात ठरवलेली असते. एफाव्हिरेन्झनं गरगरायचं, विचित्र स्वप्नं पडायची, म्हणून ते झोपताना घ्यायचं. डॉल्युटेग्राव्हिरचं तसं नाही. काहींची त्यानं झोप उडते, त्यांना सकाळची वेळ जास्त मानवते. रात्री आठला मूल शिकवणीत असेल, मैदानावर असेल किंवा भावंडांच्या गराड्यात असेल, तर ती वेळ बदलणं हाच अर्धा उपाय असतो. औषध बदललं आणि वेळ मात्र तशीच राहिली, हे कुणाच्या लक्षातच येत नाही.

३. प्रश्न विचारायची पद्धत बदला

'गोळ्या नीट घेतोस ना?' हा प्रश्न कायमचा बंद करा. त्याचं उत्तर 'हो मॅडम' असंच असतं. प्रश्नातच हवं ते उत्तर बसवलेलं आहे.

त्याऐवजी चुकणं गृहीत धरून विचारा. उदाहरणार्थ:

'रोज एक गोळी, वर्षानुवर्षं. कुणाचीही राहते. गेल्या सात दिवसांत तुझी कधी राहिली?'

किती राहिल्या यापेक्षा कधी राहिली हे विचारल्यावर मूल आठवायला लागतं. मग कालपासून मागे चला. काल गोळीच्या वेळी कुठे होतास? परवा? रविवारी उठलास किती वाजता? सुट्टीचे दिवस मुद्दाम विचारा, कारण दिनक्रम मोडला की गोळी मोडते. चार-सात दिवसांपलीकडचं मोजून सांगणं कुणालाच जमत नाही. महिन्याभराचा अंदाज हवा असेल तर कागदावर एक लांब रेघ ओढा, एका टोकाला शून्य, दुसऱ्याला शंभर, आणि मुलाला खूण करायला सांगा. ढोबळ असतं, पण तोंडी आकड्यापेक्षा बरं. काही मुलं जे बोलून दाखवत नाहीत ते खुणेतून दाखवतात.

मुलांचं स्वतःचं सांगणं बहुधा खऱ्यापेक्षा जरा चांगल्या बाजूला झुकलेलं असतं. म्हणजे 'एकही चुकली नाही' हे उत्तर सावधपणे घ्या, पण 'तीन-चार चुकल्या' हे उत्तर जवळजवळ नेहमी खरं धरा. कुणी गंमत म्हणून स्वतःला वाईट ठरवून घेत नाही.

आणि मूल असं बोललं की तुमचा चेहरा सांभाळा. पहिलं वाक्य 'सांगितलंस ते बरं झालं' हे असू द्या आणि त्याला 'पण' जोडू नका. लगेच मागोमाग 'मग असं का केलंस?' आलं, तर पहिल्या वाक्याचा काही उपयोग नाही.

सांभाळणाऱ्या व्यक्तीचं मत वेगळं घ्या. त्यांना विचारायचं तेही 'घेतो का?' असं नाही. 'शेवटची गोळी घेताना तुम्ही स्वतः कधी पाहिलं?' या प्रश्नावर पुष्कळदा लांब शांतता पसरते.

४. गोळ्या मोजा, पण हिशेब नीट करा

रीत सोपी आहे. मागच्या भेटीला हातात असलेल्या आणि नव्यानं दिलेल्या गोळ्यांची बेरीज करा, त्यातून आज उरलेल्या वजा करा. आलेल्या आकड्याला तेवढ्या दिवसांत घ्यायच्या गोळ्यांनी भागा आणि शंभरनं गुणा.

समजा मागच्या वेळी ४ शिल्लक होत्या आणि ३० दिल्या, म्हणजे ३४. मूल २८ दिवसांनी आलं आणि ९ घेऊन आलं. घेतल्या २५, घ्यायच्या होत्या २८. म्हणजे ८९ टक्के.

नव्या माणसाकडून आधीच्या ४ गोळ्या हिशेबात घ्यायच्या राहतात. मग ३० मधून ९ गेल्या, राहिल्या २१, म्हणजे ७५ टक्के, आणि बिचाऱ्या मुलाला नसत्या चुकीचं समुपदेशन.

आता समजा उरल्या फक्त २. घेतल्या ३२, घ्यायच्या होत्या २८. ११४ टक्के! रजिस्टरात काहीजण हे गुपचूप १०० करून टाकतात. तसं करू नका. शंभरच्या वरचा आकडा म्हणजे काहीतरी घडलं आहे: गोळ्या हरवल्या, घरातल्या दुसऱ्या कुणाला दिल्या, काही डबीत राहिल्या, दोनदोन घेतल्या, किंवा भेटीच्या आधी टाकून दिल्या. शेवटचं कारण या वयात बऱ्यापैकी आढळतं. मोजणी होणार हे मुलांना ठाऊक असतं आणि गणित त्यांना आपल्यापेक्षा चांगलं येतं. म्हणूनच दर महिन्याला अगदी बरोबर शंभर टक्के मोजणी आणि व्हायरल लोड मात्र वर, अशी जोडी दिसली तर गोळ्या गादीखाली किंवा संडासात गेल्या असण्याची शक्यता मनात ठेवा. पण ती बोलून दाखवू नका. मुलासमोर संशय उच्चारून आजवर कुणाची गोळी सुरू झालेली मी पाहिली नाही.

टक्केवारीपेक्षा घडण पाहा. महिन्यात सहा गोळ्या सुट्यासुट्या चुकणं आणि सलग सहा दिवस चुकणं यांची टक्केवारी एकच येते, पण सलग खंड जास्त धोक्याचा, कारण रक्तातलं औषध संपतं आणि विषाणूला वाढायला मोकळीक मिळते. त्यासाठी कॅलेंडरवर मुलाकडूनच चुकलेल्या दिवसांवर खुणा करून घ्या.

जाता जाता, त्या ९५ टक्क्यांबद्दल. 'पंचाण्णवच्या खाली म्हणजे नापास' ही रेघ २००० साली प्रसिद्ध झालेल्या, जुन्या प्रोटीज इनहिबिटर औषधांवरच्या अभ्यासातून आली. आजच्या गोळ्या थोडी चूक पोटात घालतात. याचा अर्थ मुलाला सूट द्या असा नाही. ९३ दिसल्यावर घाबरून त्याला झापू नका, इतकाच.

५. व्हायरल लोड: कधी करायचा, कसा वाचायचा

जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीप्रमाणे उपचार सुरू झाल्यावर ६ महिन्यांनी, मग १२ महिन्यांनी आणि पुढे दर १२ महिन्यांनी. तुमच्या देशाचा कार्यक्रम किशोरवयीनांसाठी जास्त वेळा सांगत असेल तर तो पाळा.

२०२३ पासून संघटनेनं निकालाचे तीन गट सांगितले आहेत. विषाणू सापडलाच नाही, तो पहिला. सापडला, पण मिलिलिटरमागे १००० किंवा त्याहून कमी प्रती, तो दुसरा, म्हणजे दबलेला. १००० च्या वर तो तिसरा, म्हणजे न दबलेला. मोठ्या मुलामुलींना पहिल्या गटाचा अर्थ आवर्जून सांगा: विषाणू न सापडण्याच्या पातळीवर असेल आणि गोळ्या चालू असतील, तर लैंगिक संबंधातून जोडीदाराला एचआयव्ही होण्याचा धोका शून्य असतो. सतरा वर्षांच्या मुलासाठी 'गोळी घे, सीडी फोर (प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा) चांगला राहील' यापेक्षा ही माहिती कितीतरी मोलाची. अनेक केंद्रांत ती सांगायला संकोच करतात. मला तो संकोच कळतो, पटत मात्र नाही.

निकाल वाढलेला आला, तर पुढे काय?

- निकाल आल्याबरोबर मुलाला बोलावून घ्या, पुढच्या ठरलेल्या तारखेची वाट पाहू नका. फाइलमध्ये पडून राहिलेला वाढीव निकाल हा या सगळ्या कामातला सर्वात मोठा सापळा आहे
- नियमितपणाचं सखोल समुपदेशन सुरू करा, तेही एकाच लांब व्याख्यानात नको, थोड्या थोड्या दिवसांनी छोट्या भेटींत
- ३ महिन्यांनी व्हायरल लोड पुन्हा
- दुसऱ्यांदाही १००० च्या वर असेल तर औषध बदलायचं का, प्रतिरोधाची, म्हणजे विषाणू औषधाला दाद देत नाही का हे पाहणारी, चाचणी करायची का, हे डॉक्टर ठरवतील. त्यांच्यापुढे नुसती टक्केवारी ठेवू नका, खुणा केलेलं कॅलेंडर ठेवा

एक-दोनदा थोडा वर जाऊन आपोआप खाली आलेला आकडा लगेच अपयश समजू नका. आणि व्हायरल लोड चांगला म्हणजे एकही गोळी चुकली नाही, असंही समजू नका. औषध पूर्ण थांबलं तर विषाणू साधारण दोन ते चार आठवड्यांत पुन्हा दिसू लागतो. मधला चार दिवसांचा खंड निकालात दिसेलच असं नाही. मोजणी आणि निकाल या दोन्ही गोष्टी म्हणूनच शेजारीशेजारी लागतात.

६. मोजणी चांगली, निकाल वाईट

नवा माणूस इथेच अडखळतो आणि 'मूल खोटं बोलतंय' असा निष्कर्ष काढून मोकळा होतो. त्याआधी एवढं तपासा.

मात्रा वजनाप्रमाणे आहे का? हे वर आलंच.

गोळीसोबत दुसरं काय जातं? अ‍ॅल्युमिनियम किंवा मॅग्नेशियम असलेली आम्लपित्ताची औषधं डॉल्युटेग्राव्हिरला अडवतात. अशा औषधाच्या २ तास आधी किंवा ६ तास नंतर डॉल्युटेग्राव्हिर घ्यायचं. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्यांनाही तेच लागू, फक्त जेवणासोबत घेतल्या तर त्या एकत्र चालतात. मुलींना लोहाच्या गोळ्या सर्रास दिल्या जातात, आणि देणाऱ्याला एआरटीबद्दल माहीत नसतं. क्षयरोगासाठी रिफाम्पिसिन चालू असेल तर डॉल्युटेग्राव्हिर दिवसातून दोनदा लागतं. फिट्सच्या काही औषधांनीही त्याची रक्तातली पातळी उतरते. म्हणून 'दुसरी काही औषधं?' असं नुसतं विचारू नका. 'अ‍ॅसिडिटीचं, रक्तवाढीचं, टॉनिक, जडीबुटी, जिमची पावडर?' असं एकेक नाव घेऊन विचारा.

गोळी पोटात राहते का? घेतल्यावर लगेच उलटी होते का?

गोळ्या ठेवतात कुठे? बाटलीतली ओलावा शोषणारी पुडी फेकून दिली, गोळ्या सुट्या करून खिशात किंवा दमट जागी ठेवल्या, की औषध खराब होऊ शकतं. लपवून ठेवण्याच्या नादात हे घडतं.

याउपर काही सापडलं नाही, तर प्रतिरोधाचा विचार. जन्मापासून उपचार घेणाऱ्या मुलांनी अनेक जुनी औषधं पचवलेली असतात. आजच्या निकालामागे आठ वर्षांपूर्वीचं कारण असू शकतं. सुरुवातीच्या यादीत 'आधीची औषधं' लिहिलं ते यासाठी.

७. अडथळा शोधा, त्यालाच उपाय लावा

'विसरलो' हे उत्तर जवळजवळ प्रत्येक जण देतो, कारण ते सर्वात सुरक्षित असतं. त्यावर गजर लावून देणं ही आपली ठरलेली प्रतिक्रिया. पण विसरण्याच्या आड दुसरंच काही असतं. वसतिगृहात खोलीतल्या मित्रानं बाटली पाहिली आणि विचारलं. आईवडिलांपैकी कुणी गेलं आणि गोळी पाहिली की तेच आठवतं. मैत्रिणीला सांगायचं की नाही याचा घोर आहे. वजन वाढलं म्हणून शाळेत चिडवतात. किंवा साधा कंटाळा: 'किती वर्षं हेच?' या कंटाळ्याला आजार ठरवू नका, तो रास्त आहे आणि तसं मुलाला सांगायलाही हरकत नाही.

लपवण्याची अडचण असेल तर उपायही त्याच जातीचा हवा. लेबल नसलेली छोटी डबी, तिच्यात जास्तीत जास्त आठवड्याच्या गोळ्या. बाकीच्या मूळ बाटलीत. प्रवासासाठी दोन-तीन दिवसांच्या जादा. फोनवर गजर असेल तर त्याला साधं नाव, कारण पडद्यावर 'औषध' झळकलं की शेजारचा वाचतोच. केंद्राकडून जाणाऱ्या मेसेजमध्ये आजाराचं, औषधाचं किंवा केंद्राचं नाव नको. फोन कुणाचा आहे, आणखी कुणाच्या हातात असतो, हे विचारल्याशिवाय मेसेज सुरूच करू नका.

डोस चुकला तर काय करायचं, हे आधीच पाठ करून घ्या: आठवताच घ्यायचा, पुढच्या डोसची वेळ अगदी जवळ आली असेल तर चुकलेला सोडून द्यायचा, भरपाई म्हणून दोन एकदम नाहीत. ही माहिती नसल्यानं कितीतरी मुलं 'वेळ टळली, आता उद्याच' म्हणून दिवस घालवतात.

नैराश्य मात्र वेगळ्या वजनाची गोष्ट आहे. मूल शाळेत जात नाही, झोपत नाही, कशातच रस नाही, जगून काय करायचं म्हणतं, तर गोळ्यांचा विषय त्या दिवशी बाजूला ठेवा. स्वतःला इजा करायचे विचार येतात का, हे थेट आणि शांतपणे विचारा. विचारल्यानं ते विचार डोक्यात येत नाहीत. मूल हो म्हणालं तर त्याला एकटं सोडायचं नाही, त्याच दिवशी मानसोपचाराची मदत मिळवायची. घरात मारहाण किंवा लैंगिक अत्याचाराची शंका असेल तरी तसंच. आधी सुरक्षा.

काही मुलं औषध पूर्ण थांबवून परत येतात. तिथे दोन धोके ध्यानात ठेवा. मुलाला हिपॅटायटिस बी असेल तर टेनोफोविर-लॅमिव्हुडिन अचानक थांबल्यानं यकृताचा आजार उसळू शकतो. आणि अबॅकाव्हिर असलेलं औषध ताप, पुरळ, उलट्या झाल्यामुळे बंद केलं असेल, तर तीच गोळी पुन्हा सुरू करणं जीवावर बेतू शकतं. म्हणून 'झालं गेलं, आजपासून सुरू कर' असं म्हणण्याआधी का थांबवलं ते विचारा आणि डॉक्टरांकडे न्या.

समवयस्कांची मदत मिळत असेल तर ती सर्वात आधी जोडून द्या. झिम्बाब्वेतल्या झ्वांदिरी कार्यक्रमात एचआयव्हीसह जगणारे १८ ते २४ वर्षांचे तरुण प्रशिक्षण घेऊन लहानांना आधार देतात. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या तिथल्या चाचणीत अशी साथ मिळालेल्या मुलांमध्ये उपचार फसण्याचं किंवा मृत्यूचं प्रमाण नेहमीची सेवा घेणाऱ्यांपेक्षा स्पष्टपणे कमी निघालं. माझ्या एका तासाच्या समुपदेशनापेक्षा त्याच गोळ्या घेणाऱ्या एखाद्या दादाची किंवा ताईची दहा मिनिटं जास्त कामाची असतात, हे मला मान्य आहे.

८. यंत्रांबद्दल थोडक्यात

झाकण उघडल्याची वेळ नोंदवणाऱ्या बाटल्या मिळतात. त्या झाकण मोजतात, गिळलेली गोळी नाही. मुलानं एकदम सात गोळ्या डबीत काढल्या की यंत्र सहा दिवस चुकल्याचं सांगतं. लघवीतून टेनोफोविर तपासल्यास गेल्या काही दिवसांचं कळतं, वाळवलेल्या रक्ताच्या थेंबातून काही आठवड्यांचं. पण या चाचण्या बहुतेक ठिकाणी संशोधनापुरत्याच आहेत. गोळी घेताना व्हिडिओ पाठवायची पद्धत काही मुलांना आवडते, काहींना पाळत वाटते. मुलानं निवडली तरच.

दर दोन महिन्यांनी घ्यायच्या कॅबोटेग्राव्हिर-रिल्पिव्हिरिन इंजेक्शनांबद्दल मुलं विचारतील. ज्यांचा विषाणू पूर्ण दबलेला आहे आणि ज्यांना हिपॅटायटिस बी नाही, अशा मोठ्यांसाठी आणि किशोरवयीनांसाठी पर्याय म्हणून जागतिक आरोग्य संघटनेनं २०२५ मध्ये त्यांची शिफारस केली. तुमच्या केंद्रात ती मिळतात का, हे माहीत करून घेऊनच बोला. नसलेल्या गोष्टीची आशा लावू नका.

९. जबाबदारी हळूहळू मुलाकडे द्या

'आता मोठी झालीस, तुझं तू घे' असं म्हणून एका वाढदिवसाला बाटली हातात देणं, यानंतर सहा महिन्यांत व्हायरल लोड वर गेलेली मुलं पुष्कळ दिसतील. हे काम चार टप्प्यांत होऊ द्या. मोठं माणूस गोळी देतं. मग मूल स्वतः घेतं, मोठं माणूस पाहतं. मग मूल एकटं घेतं आणि मोठं माणूस आठवड्यातून एकदा डबी पाहतं. शेवटी मूल पूर्णपणे स्वतः, अडचण आली तर सांगायचं असं ठरवून.

वयावरून टप्पा ठरवू नका. व्हायरल लोड दबलेला आहे का, गोळीचं नाव आणि वेळ सांगता येते का, पुढची तारीख स्वतः लक्षात ठेवते का, यावरून ठरवा. परीक्षा, घरबदल, घरातला मृत्यू अशा काळात एक टप्पा मागे यायला हरकत नाही, आणि ही शिक्षा नाही हे तिघांनी मिळून आधीच बोलून ठेवा.

१०. मोठ्यांच्या केंद्रात पाठवताना

सगळं सुरळीत चाललेलं मूल इथे हरवतं. निरोपाची चिठ्ठी देऊन भागत नाही. सोबतच्या पत्रात हे असू द्या: आजवरची सगळी औषधं आणि ती बदलण्याची कारणं, व्हायरल लोडचे तारीखवार निकाल, प्रतिरोधाची चाचणी झाली असल्यास तिचा निकाल, आताचं वजन, इतर आजार, अ‍ॅलर्जी, गोळी कधी चुकते याची घडण, आणि मुलाची स्थिती घरात कुणाकुणाला माहीत आहे. शेवटचा मुद्दा राहिला तर नवं केंद्र भलत्याच माणसाला फोन करून बसतं. पत्र मुलाला वाचून दाखवा. आपल्याबद्दल काय लिहिलंय हे त्याला कळलं पाहिजे, आणि एखादी गोष्ट कळवायची नसेल तर तेही तो तेव्हाच सांगेल.

नव्या केंद्रातल्या एका माणसाचं नाव त्याला सांगा, शक्य असेल तर पहिल्या भेटीला सोबत कुणी जाईल असं पाहा. पाठवताना पुढच्या भेटीच्या तारखेपलीकडे पुरतील इतक्या गोळ्या द्या. त्या तारखेनंतर आठवड्याभरात नव्या केंद्राला फोन करून तिथून पहिल्या गोळ्या दिल्या गेल्या का, ते विचारा. 'हो, दिल्या' असं उत्तर येईपर्यंत तुमच्या रजिस्टरातलं त्याचं नाव खोडू नका.